परगावचा बाप्तिस्मा

श्रोतेहो, आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे तो वरकरणी एका लहानशा समाजाचा घरगुती विषय आहे. परंतु नोकरीनिमित्त गाव सोडून शहरात बिऱ्हाड केलेल्या कोणत्याही कुटुंबाला त्यातील अडचण ओळखीची वाटेल. मूल एका गावी जन्मते, आईबाप दुसऱ्या गावी राहतात, आणि संस्कार तिसऱ्याच गावी व्हावा अशी वडीलधाऱ्यांची इच्छा असते. ख्रिस्ती कुटुंबात हा संस्कार म्हणजे बाप्तिस्मा. तो परगावच्या चर्चमध्ये करावयाचा म्हटले म्हणजे काय काय पाहावे लागते, एवढेच मी सांगणार आहे. मी धर्मगुरू नव्हे की धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी केलेला मी एक साधा मनुष्य आहे. मात्र शाळेची जनरल रजिस्टरे मी आयुष्यभर लिहिली, आणि वहीत एकदा उतरलेले नाव माणसाचा पुढे किती वर्षे पाठलाग करते हे मी जवळून पाहिले आहे.

गोष्ट आमच्या घरचीच आहे. आमची कन्या व जावई नोकरीमुळे पुण्यास असतात. पहिली खेप म्हणून कन्या रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे चंदगडास आली. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात आहे खरा. पण आम्हांस कोल्हापूर दूर आणि बेळगाव जवळ. दुखणेबाणे असो की लग्नाचा बस्ता असो, आमची पावले बेळगावाकडेच वळतात. त्याप्रमाणे प्रसूतीही बेळगावच्या रुग्णालयात झाली. नात जन्मली कर्नाटकात, तिच्या आईबापांचे बिऱ्हाड पुण्यात, आणि आमच्या सौभाग्यवतीचा आग्रह असा की, ज्या चर्चमध्ये मुलीच्या मस्तकावर पाणी पडले त्याच चर्चमध्ये नातीच्याही पडावे. मुलीची इच्छा तीच होती. जावईबापू म्हणाले, "मामा, त्यात कठीण ते काय? फादरांना सांगू, येत्या रविवारी चार माणसे बोलावू, की झाले." मी म्हटले, "झाले कसले? आता कुठे सुरुवात झाली."

जे श्रोते ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी येथे थोडा खुलासा केला पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते की, बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती लोकांचे बारसे. त्या दिवशी मुलाचे नाव उच्चारले जाते, नवे कपडे घातले जातात, गोडधोड होते, हे खरे. पण नाव ठेवणे हा त्यातील गाभा नव्हे. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मुलाच्या मस्तकावर पाणी ओतले जाते, आणि त्या क्षणापासून ते मूल ख्रिस्तसभेचे घटक होते, हा गाभा. हा संस्कार जन्मात एकदाच होतो. तो रीतसर झाला असेल तर दुसऱ्यांदा करता येत नाही, मग मनुष्य पुढे कोणत्याही देशात जावो. बारसे आजोळी झाले की मुंबईच्या एखाद्या कार्यालयात झाले, याची पंचवीस वर्षांनी कोणी चौकशी करीत नाही. बाप्तिस्मा कोठे झाला, ही चौकशी मात्र पंचवीस वर्षांनी हटकून होते. ती का होते, ते पुढे येईलच.

आता कॅथलिक लोकांत प्रत्येक कुटुंब कोणत्या तरी धर्मग्रामाचे असते. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या व त्याच्या प्रमुख धर्मगुरूच्या देखरेखीखालील ठरावीक मुलूख. आमच्याकडील कोकणी बोलणाऱ्या म्हाताऱ्या त्यास फिर्गज म्हणतात. आपण कोणत्या धर्मग्रामाचे हे आपल्या आवडीवर नसून राहण्यावर अवलंबून असते. चर्चच्या कायद्याची सध्याची संहिता १९८३ साली अमलात आली. तिच्या ८५७व्या कलमात असे सांगितले आहे की, बालकाचा बाप्तिस्मा सामान्यतः त्याच्या आईबापांच्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये व्हावा; योग्य कारण असेल तर मात्र अन्यत्र करण्यास हरकत नाही. येथे 'आईबापांच्या' हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मूल कोणत्या रुग्णालयात जन्मले याला महत्त्व नाही. आमची नात बेळगावात जन्मली म्हणून ती बेळगावच्या धर्मग्रामाची झाली नाही. तिच्या जन्माच्या वेळी आईबापांचा कायम निवास जेथे होता, ते पुणे, तेच चर्चच्या दृष्टीने तिचे मूळ ठिकाण.

मग माहेरपणाचे काय? संहिता रचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपल्याकडील पहिलटकरीण खचितच नसावी. तथापि तिची सोय त्यात आपोआप झाली आहे. एखाद्या धर्मग्रामात कायम राहण्याच्या इराद्याने घर केले, किंवा पुरी पाच वर्षे काढली, म्हणजे तेथील कायम निवास सिद्ध होतो. याखेरीज एक अल्प निवासही मानला आहे: तीन महिने राहण्याच्या हेतूने आलेला अथवा प्रत्यक्ष तीन महिने राहिलेला मनुष्य त्याही धर्मग्रामाचा धरला जातो. नवराबायकोचा निवास एरवी एकच असावा, पण योग्य कारणाने पत्नीस वेगळा अल्प निवास ठेवता येतो. सातव्या महिन्यात माहेरी येऊन बाळ तीन महिन्यांचे होईतो राहणारी लेक या हिशेबात सहज बसते. हे वाचून मला मोठे समाधान वाटले, आणि मी ते जावईबापूंना वाचूनही दाखविले. तरी माझा सल्ला असा की, या सूक्ष्म हक्कावर विसंबून राहू नये. आईबापांच्या धर्मग्रामाकडून पत्र आणावे, हाच राजमार्ग.

हे पत्र म्हणजे काय? पुण्यातील प्रमुख धर्मगुरूंनी चंदगडाकडील धर्मगुरूंना उद्देशून लिहिलेला चार ओळींचा मजकूर. अमुक दांपत्य आमच्या धर्मग्रामाचे आहे, त्यांचा विवाह चर्चमध्ये झालेला आहे, बाप्तिस्म्यापूर्वी आईबापांना जी शिकवण द्यावयाची ती दिलेली आहे, आणि अमुक कारणास्तव आपल्या चर्चमध्ये हा संस्कार व्हावा यास आमची संमती आहे. पुष्कळ तरुण मंडळींस हे पत्र म्हणजे कचेरीतील ना-हरकत दाखल्याचा प्रकार वाटतो व ते चिडतात. मला त्यांचा राग समजतो, पण पटत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावाचून मुलाला दुसऱ्या शाळेत घेण्याचा आग्रह धरणारे पालक मी पाहिले आहेत. दाखला मागितला की त्यांना वाटे, मास्तर अडवतो आहे. वस्तुतः हे मूल कोठून आले आणि पुढे कोठे जाणार, हे कोणाला तरी ठाऊक असावे एवढाच त्या कागदाचा हेतू असतो. बालकाचा बाप्तिस्मा करण्यापूर्वी त्याला त्या श्रद्धेत वाढविले जाईल अशी साधार आशा असली पाहिजे, असे त्याच संहितेत म्हटले आहे. जे कुटुंब दोन दिवसांसाठी गावी आले आहे त्याच्याविषयी गावच्या धर्मगुरूला ही आशा कशाच्या आधारावर बाळगता येईल? आधार काय तो त्या पत्राचाच.

पत्र मिळविण्यास वेळ लागतो. आईबापांच्या शिकवणीचे वर्ग बहुतेक धर्मग्रामांत ठरावीक दिवशीच असतात, आणि बाळंतीण माहेरी निघून आल्यावर तिने पुण्याच्या वर्गास बसावे कसे? म्हणून ज्यांचा बेत परगावी संस्कार करण्याचा असेल त्यांनी प्रसूतीपूर्वीच, लेक माहेरी निघण्याच्या आधी, दोघांनी मिळून हा वर्ग आटोपावा. आमच्या घरी हे उशिरा सुचले. जावईबापूंनी पुण्यास वर्ग केला, कन्येस आमच्या धर्मगुरूंनी येथे दोन सायंकाळी शिकविले, आणि पत्रात तसा उल्लेख झाला. परंतु त्यात पाच आठवडे गेले. मूल जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच बाप्तिस्मा करावा असा आईबापांवर भार आहे, तेव्हा हे पाच आठवडे सौभाग्यवतीने माझ्याशी फारसे न बोलता काढले.

हल्ली आणखी एक प्रकार बोकाळला आहे. शहरांतील मंडळी गोव्यास समुद्रकाठी एखादे हॉटेल ठरवतात आणि मग त्याच आवारात बाप्तिस्मा व्हावा अशी अपेक्षा करतात. गरजेचा प्रसंग सोडल्यास तो खासगी जागेत करता येत नाही; तो चर्चमध्येच व्हावयाचा. मेजवानी कोठे करावी याविषयी चर्चला काही म्हणावयाचे नाही. तसेच ओळखीच्या एखाद्या धर्मगुरूला बरोबर घेऊन जावे आणि वाटेल त्या चर्चमध्ये संस्कार उरकावा, असेही चालत नाही. दुसऱ्याच्या हद्दीत परवानगीवाचून बाप्तिस्मा करण्याची धर्मगुरूसही मुभा नाही. घरात काका किंवा मामा धर्मगुरू असतात आणि त्यांच्याच हातून व्हावे अशी सर्वांची हौस असते. ती पुरी करता येते, पण आधी स्थानिक प्रमुख धर्मगुरूंची अनुमती घ्यावी, आणि पाणी कोणीही घातले तरी नोंद त्या स्थानिक चर्चच्या वहीतच होते हे विसरू नये.

आता त्या वहीकडे येतो, कारण माझ्या मते या विषयाचे सारे मर्म तेथे आहे.

बाप्तिस्म्याची वही ही साधी हजेरीची वही नव्हे. तीत बालकाचे नाव, आईबापांची नावे, संस्कार करणाऱ्याचे नाव, धर्मपिता व धर्ममाता यांची नावे, बाप्तिस्म्याचे स्थळ व दिनांक, आणि जन्माचे स्थळ व दिनांक इतके लिहिले जाते. पण शेजारी एक रुंद समास मोकळा असतो, आणि माणसाचे पुढील आयुष्य त्या समासात उतरत जाते. त्याला दृढीकरण मिळाले की त्याची टीप तेथे येते. त्याचा विवाह कन्याकुमारीस होवो की कॅनडात होवो, तेथील धर्मगुरूने बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवावयाचे आणि समासात तो विवाह नोंदवावयाचा. कोणी धर्मगुरू झाला, कोणी मठात कायमचे व्रत घेतले, तर तेही तेथेच. म्हणून विवाहाच्या वेळी पेटीतला जुना दाखला चालत नाही. बाप्तिस्म्याच्या चर्चकडून नवा, साधारणतः सहा महिन्यांच्या आतला दाखला मागतात. कारण समास कोरा आहे, म्हणजे हा मनुष्य विवाहास मोकळा आहे, हे त्याच वहीवरून कळते.

या वहीचा आणि विवाहाचा संबंध आजचा नव्हे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी विवाहासंबंधी जे ठराव केले, त्यांतच बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता व धर्ममाता कोण झाले ते वहीत लिहून ठेवावे अशी आज्ञा आहे. विवाहाच्या ठरावात बाप्तिस्म्याची वही कशी आली? तर त्या काळी धर्मपिता आणि ज्याचा बाप्तिस्मा झाला ती व्यक्ती यांच्यात एक आध्यात्मिक नाते मानले जाई, व ते नाते विवाहाच्या आड येई. कोणाचे कोणाशी असे नाते आहे हे लिहून ठेवल्यावाचून समजणार कसे? हा अडसर पुढे १९८३च्या संहितेत राहिला नाही. वही मात्र राहिली. इंग्लंडात तर याच्याही आधी, १५३८ साली, थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम काढला होता.

वही कोठे आहे हे न समजल्यामुळे काय होते, ते आमच्या घराने एकदा भोगले आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा जन्म १९६६ सालचा, आमच्या आजोळी गोव्यात. बाप्तिस्माही तिकडेच झाला. १९८९ साली तिचे लग्न ठरले, मे महिन्यातील तारीख निघाली, आणि दाखला आणण्यासाठी मी तिलारीचा घाट उतरून आजोळी गेलो. आई सांगे की, बाप्तिस्मा वाड्यावरच्या कपेलात झाला. कपेलात वहीच नव्हती. शेजारच्या गावी चर्च होते म्हणून तेथे गेलो. तेथील कारकुनाने १९६६ची पाने चाळली व अशी नोंद नाही असे सांगून वही मिटली. मी हात हलवीत परत आलो. वराकडील मंडळींत कुजबुज सुरू झाली. मुलीचा बाप्तिस्माच झालेला नसेल काय, इथपर्यंत गोष्ट गेली. आईने त्या दिवसांत अन्न जवळजवळ सोडले होते.

उलगडा केला तो बहिणीच्या माद्रिनने, म्हणजे धर्ममातेने. ती सत्तरीची बाई, पण स्मरण लख्ख. तिने सांगितले की, त्या वर्षी कपेलातील सणाला पाद्री आले होते ते नदीपलीकडच्या मोठ्या चर्चमधून, कारण आमचा वाडा तेव्हा त्या धर्मग्रामात होता. शेजारच्या गावचे चर्च स्वतंत्र धर्मग्राम झाले ते मागाहून. श्रोतेहो, येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. कपेलात झालेल्या बाप्तिस्म्याची नोंद कपेलात नसते, ते ज्या धर्मग्रामात असेल त्याच्या चर्चमध्ये असते. आणि धर्मग्रामाचे पुढे दोन तुकडे झाले तरी जुन्या वह्या जुन्या चर्चमध्येच राहतात. मी नदीपलीकडे गेलो आणि नोंद सापडली. पण तीही एकदम नव्हे, कारण वहीत बहिणीचे नाव आमच्या आजीचे होते. आजीचे नाव नातीस देण्याची गोव्याकडील रीत. घरी आम्ही तिला भलत्याच नावाने हाक मारीत होतो आणि शाळेत तेच नाव मीच, मोठ्या भावाच्या अधिकाराने, नेऊन घातले होते! लग्न मे महिन्याचे ते जूनमध्ये, भर पावसात झाले.

वही खरोखरच नष्ट झाली असती तर? वाळवी, पाऊस, आग यांना वह्या बळी पडतात. तशा वेळी कोणाचे अहित होत नसेल तर एका विश्वासार्ह साक्षीदाराचे निवेदन बाप्तिस्म्याच्या पुराव्यास पुरे होते. आणि मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीची स्वतःची शपथही चालते. शिवाय १९१८पासून अमलात असलेल्या जुन्या संहितेत दरवर्षाअखेर वह्यांची प्रमाणित प्रत बिशपांच्या कचेरीत पाठविण्याचा नियम होता, त्यामुळे जुन्या नोंदींसाठी तेथेही चौकशी करावी. गोव्यातील जुन्या वह्या पोर्तुगीज भाषेत आहेत. त्या वाचून घेण्यास जाणकार लागतो.

आम्हां चंदगडकरांस याहून एक वेगळी खोच आहे. आमचा तालुका पूर्वी बेळगाव जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि एकटा चंदगड तालुका वगळून मुंबई राज्यात ठेवला गेला; तो कोल्हापूर जिल्ह्यास जोडला. त्यामुळे माझ्या थोरल्या चुलत्यांच्या कागदांत 'तालुका चंदगड, जिल्हा बेळगाव' आणि माझ्या कागदांत 'तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर' असे आढळते. घर तेच आणि आडही तोच. परक्या शहरातील धर्मगुरू किंवा पारपत्र कचेरीतील अधिकारी हे पाहून बुचकळ्यात पडतो. चर्चच्या सीमांचेही असेच आहे. बेळगावचा धर्मप्रांत १९ सप्टेंबर १९५३ रोजी गोवा व पुणे या धर्मप्रांतांचे भाग काढून निर्माण झाला. पण वह्या धर्मप्रांताच्या मालकीने इकडून तिकडे हलत नाहीत. बिशप बदलला, जिल्हा बदलला, राज्य बदलले, तरी ज्या चर्चमध्ये पाणी घातले गेले त्याच चर्चच्या कपाटात ते पान राहते. म्हणूनच परगावचे चर्च निवडताना केवळ त्याची शोभा पाहू नये. पंचवीस-तीस वर्षांनी दाखल्यासाठी तेथे कोण जाणार, तेथे आपले कोणी उरलेले असेल काय, याचाही विचार करावा.

धर्मपिता व धर्ममाता यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. एक पुरुष, किंवा एक स्त्री, किंवा दोघे मिळून एक जोडी, याहून अधिक नाही. सोळा वर्षे पुरी झालेली, दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद मिळालेली, चर्चच्या रीतीने वागणारी कॅथलिक व्यक्ती हवी. मुलाचा स्वतःचा बाप किंवा आई चालत नाही. बाप्तिस्मा झालेला प्रॉटेस्टंट स्नेही एका कॅथलिक धर्मपित्याच्या जोडीने साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. परगावी संस्कार असला की बहुधा धर्मपिता चौथ्याच गावचा निघतो. आमच्या नातीचा पाद्रिन, जावईबापूंचा मित्र, मस्कतहून आला. त्यानेही आपल्या धर्मग्रामाचे पत्र आणले. हे पत्र पुष्कळजण विसरतात, आणि मग संस्काराच्या सकाळी धावपळ होते.

तथापि कागदाहून महत्त्वाचा प्रश्न असा की, हा धर्मपिता मुलाच्या आयुष्यात पुढे कोठे असणार? या संदर्भात मला नेहमी पंडिता रमाबाईंच्या मनोरमेची आठवण होते. परगावच्या बाप्तिस्म्याचे तिच्याइतके दूरचे उदाहरण मराठी घरांत क्वचितच सापडेल. रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज या गावी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मनोरमा तेव्हा अवघी अडीच वर्षांची. तिचे वडील आदल्याच वर्षी वारलेले. त्या गावच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांनी मायलेकींवर मायेची पाखर घातली. घरात त्यांना आजीबाई म्हणत. परंतु मुलीला धर्माचे शिक्षण कोणी व कोणत्या रीतीने द्यावे, यावरून पुढे रमाबाई आणि त्या सिस्टर यांच्यात पत्रांतून तीव्र मतभेद झाले. इंग्लंडातील चर्चला वाटे की मुलीच्या बाबतीत आपलाही शब्द आहे. रमाबाई म्हणत की आई मी आहे. उभय बाजूंनी प्रेम होते, म्हणूनच वाद कडवट झाला. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळाने प्रसिद्ध केला. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता जो शब्द देते तो नुसता समारंभाचा नसतो, हे ज्याला उमजून घ्यावयाचे असेल त्याने तो पाहावा. मनोरमा पुढे आईच्या कार्यात तिची उजवी बाजू झाली आणि १९२१ साली, आईच्या आधी काही महिने, वारली.

प्रॉटेस्टंट बंधूंच्या रीती मंडळीगणिक भिन्न आहेत. उत्तर भारताची मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक पंथ एकत्र येऊन स्थापन झाली. तीत बालकाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा असे दोन्ही मार्ग मान्य आहेत. आमच्या जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास रेव्हरंड रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरास आले तेथून सांगतात. परगावी संस्कार असल्यास आपल्या पाळकांचे पत्र न्यावे आणि परतल्यावर दाखल्याची प्रत आपल्या मंडळीस द्यावी, एवढे तेथेही उपयोगी पडते. पुणे-मुंबईकडील मिश्र वस्तीत आणखी एक शंका विचारली जाते. आपण लॅटिन विधीचे, आणि जवळचे चर्च केरळीय सीरो-मलबार मंडळींचे. तेथे बाप्तिस्मा केला तर मूल त्यांचे होते काय? होत नाही. मुलाचा विधी आईबापांवरून ठरतो, पाणी कोणत्या चर्चमध्ये घातले यावरून नव्हे.

नावाचा आणि सरकारी दाखल्याचा घोळ हा शेवटचा, पण शहरी कुटुंबांना सर्वांत जाचणारा. पूर्वी बाप्तिस्म्याचा दाखला जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळेत चालत असे. मी स्वतः अशा दाखल्यांवरून मुलांच्या तारखा लिहिल्या आहेत. आता तो काळ गेला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलास शाळा, पारपत्र इत्यादींसाठी सरकारी जन्मदाखलाच लागतो. आणि जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत, जेथे जन्म झाला तेथेच होते. त्यामुळे आमच्या नातीचा जन्मदाखला बेळगावचा, कानडी व इंग्रजी अक्षरांतला. नाव ठरले नसेल तर नावावाचून नोंद करून पहिल्या वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. माझे सांगणे इतकेच की, जन्मदाखल्यातील नाव व बाप्तिस्म्याच्या वहीतील नाव अक्षरशः एक असावे. वहीत संताचे किंवा आजीचे नाव जोडावयाचे असेल तर खुशाल जोडा, पण मग ते जन्मदाखल्यातही जोडा. चर्चला नावाविषयी एकच हरकत असते: ते ख्रिस्ती भावनेस विपरीत नसावे. मराठी नाव ठेवण्यास कसलीही मनाई नाही. मनोरमेचेच उदाहरण पुरे आहे.

मूल जन्मतःच अत्यवस्थ असेल तर हे काहीही पाहावयाचे नाही. तेव्हा कोणीही, परिचारिका असो वा शेजारीण असो, योग्य हेतूने व योग्य शब्दांनी पाणी घालू शकते, आणि तो बाप्तिस्मा पुरा ठरतो. मागाहून तेथील धर्मग्रामास कळवून नोंद तेवढी करवून घ्यावी. मूल वाचले तर उरलेले विधी चर्चमध्ये होतात; पाणी पुन्हा घालीत नाहीत.

आमच्या नातीचा बाप्तिस्मा अखेरीस एका रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर झाला. पाहुणे सोलकढीकडे वळले तेव्हा मी जावईबापूंना घेऊन धर्मगुरूंच्या कचेरीत गेलो. वही उघडीच होती, शाई ओली होती. एकेक अक्षर जन्मदाखल्याशी ताडून पाहिले. बेळगाव जन्मस्थळाच्या रकान्यात होते, चंदगड संस्काराच्या रकान्यात, पुणे आईबापांच्या निवासात. धर्मपित्याच्या आडनावात एक अक्षर चुकले होते. फादरांनी ते आमच्यादेखत सुधारून शेजारी सही केली. दाखल्याच्या दोन प्रती घेतल्या. एक पुण्याच्या धर्मग्रामासाठी, कारण पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळी ते मागणारच. दुसऱ्या प्रतीच्या पाठीवर मी चर्चचे नाव, धर्मग्राम, तालुका, जिल्हा आणि वहीचे पान पेन्सिलीने लिहिले व ती कन्येच्या हाती दिली. ती म्हणाली, "बाबा, हे पंचवीस वर्षांनी लागणार, तोवर सांभाळायचं कुणी?" मी तिला तिच्या आत्याच्या लग्नाची गोष्ट पुन्हा एकदा सांगावयास बसलो.